बालीला फॅमिली घेऊन स्वतः बुकिंग करून जाताय? मग फसवणूक नक्की कुठे होते ते आधी बघा

प्रश्न असा आलाय की बायको, दोन मुलं आणि आई-बाबा असे सहा जण पॅकेज न घेता स्वतः सगळं बुक करून बालीला चाललोय, तिथे टुरिस्टना फार गंडवतात असं ऐकलंय, तर नक्की कुठे सावध राहायचं. मी बालीला ग्रुप घेऊन जाते, बरीच वर्षं हेच काम आहे, त्यामुळे थोडं लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे लोक "बालीत फसवलं" म्हणून जे सांगतात त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक म्हणजे खरीखुरी लबाडी, म्हणजे पैसे बदलताना हातचलाखी, एटीएमवर कार्ड कॉपी होणं, खोट्या व्हिसा साइट, खोटे व्हिला. दुसरं म्हणजे कमिशन, ड्रायव्हर तुम्हाला कॉफीच्या मळ्यात नाहीतर चांदीच्या दुकानात नेतो आणि त्याला तिथे टक्केवारी मिळते. आणि तिसरं म्हणजे नुसतं महाग विकणं, जे जगात सगळीकडे चालतं. डोकं शाबूत ठेवायचं ते पहिल्या प्रकारासाठी. बाकी दोन्हींसाठी एक हसून "नो, थँक यू" पुरतं. जे लोक नारळपाण्यावरून भांडतात आणि मनी चेंजरसमोर मात्र लाजेपोटी गप्प बसतात त्यांचेच पैसे जातात हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

सुरुवात घरूनच होते, विमानात बसायच्या आधी. भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियाचा व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, ५ लाख रुपिया माणशी, ३० दिवसांचा, तो ऑनलाइन आधी काढता येतो आणि तिथेच पहिला सापळा आहे. सर्च केलं की वरती जाहिरातीत येणाऱ्या दोन-चार साइट हुबेहूब सरकारी दिसतात, गरुडाचं चिन्ह वगैरे सगळं असतं, आणि त्या डॉलरमध्ये भरपूर जास्त पैसे घेतात. कधी व्हिसा खरा काढून देतात, कधी तोही नाही, वर तुमच्या पासपोर्टचा फोटो त्यांच्याकडे राहतो तो वेगळाच. इंडोनेशियाच्या सरकारी साइटचा पत्ता नेहमी "डॉट गो डॉट आयडी" ने संपतो, इमिग्रेशनचा पण आणि बाली प्रांताचा पण. तेवढं एक बघितलं की काम झालं. मुलांचाही व्हिसा लागतो, म्हणजे सहा जणांचे ३० लाख रुपिया, आकडा बघून घाबरू नका, हिशोब खाली सांगते.

त्याशिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांताने परदेशी पर्यटकांवर दीड लाख रुपिया माणशी टुरिस्ट लेव्ही लावलीय, ती "लव्ह बाली" नावाच्या त्यांच्या साइटवर किंवा ॲपवर भरायची, एकदाच, लहान मुलांचीही. क्यूआर कोड येतो तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा आणि एक प्रिंटही काढा. आणि उतरताना जो डिक्लेरेशनचा ऑनलाइन फॉर्म भरतात तो फुकट असतो, त्याला कुणी पैसे मागितले तर साइट खोटी, विषय संपला.

आता व्हिला. सहा जण म्हटल्यावर तुम्ही हॉटेलऐवजी प्रायव्हेट पूलचा व्हिलाच शोधणार, आणि सोशल मीडियावर चांगू नाहीतर सेमिन्याकचा असा एक व्हिला तुम्हाला दिसणारच की ज्याचा रेट बाकीच्यांच्या निम्मा आहे. फोटो खरेच असतात, फक्त ते दुसऱ्याच्या व्हिलाचे असतात. मेसेज केला की उत्तर झटपट आणि अगदी गोड येतं, "तुमच्या तारखांना अजून एक फॅमिली विचारतेय, आज ५० टक्के पाठवले तर लॉक करतो", आणि पैसे पाठवायचे ते कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. तिथे पोचल्यावर कळतं की त्या पत्त्यावर एकतर दुसरंच काही आहे, नाहीतर व्हिला आहे पण मालकाला तुमचं बुकिंग माहीतच नाही. आई-बाबा, मुलं आणि बॅगा घेऊन रात्री अकरा वाजता ही वेळ कुणावरच येऊ नये. त्यामुळे बुकिंग मोठ्या साइटवरूनच करा आणि पेमेंटही तिच्यातूनच करा, मालक "बाहेरून दिलेत तर १० टक्के कमी" म्हणाला तरी नाही म्हणजे नाही, कारण बाहेर पैसे दिले की साइट हात वर करते. फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा आणि मॅपवर त्या जागेचे रिव्ह्यू वाचा, त्यातही फोटो टाकलेले जुने रिव्ह्यू वाचा, गेल्या महिन्यात एकदम आलेले वीस "अमेझिंग स्टे" नको.

एअरपोर्टवर फार काही नाही. बाहेर आलात की "टॅक्सी सर, टॅक्सी मॅडम" करत लोक अंगावर येतात, बॅगेला हात घालतात. बॅगेला कुणाला हात लावू देऊ नका, लावला की टिप द्यावी लागते. हॉटेलने गाडी पाठवली असेल तर तुमचं नाव तुम्ही सांगायचं नाही, समोरच्याला सांगायला लावायचं, "यू आर फ्रॉम हॉटेल?" विचारलं तर तो यस म्हणणारच ना. नाहीतर आतल्या अधिकृत टॅक्सी काउंटरवर ठरलेला दर भरून पावती घ्या किंवा ग्रॅब या टॅक्सी ॲपची तिथे स्वतःची पिकअपची जागा आहे तिथून गाडी घ्या. रस्त्यावर टॅक्सी पकडायची झाली तर ब्ल्यू बर्ड कंपनीची आकाशी रंगाची, पण तसाच आकाशी रंग लावलेल्या दुसऱ्याही बऱ्याच गाड्या फिरतात, म्हणून रंगावर जाऊ नका, नाव वाचा आणि बसायच्या आधी मीटर चालू आहे का बघा, तिथे मीटरला "आर्गो" म्हणतात. उबुद आणि चांगूच्या काही भागात ॲपवाल्या गाड्यांना स्थानिक ड्रायव्हर येऊ देत नाहीत, तसे बोर्डच लावलेत, तिथे ॲपवाल्या ड्रायव्हरने "थोडं चालत पुढे या" म्हटलं तर तो फसवत नाहीये, बिचारा मार खायला घाबरतोय.

आता मुख्य विषय, पैसे बदलणं. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी शून्यांची सवय करा. शेवटचे तीन शून्य उडवा आणि उरलेल्याला पाचने गुणा, साधारण रुपये येतात, खरं तर थोडे जास्तच येतात. म्हणजे १ लाख रुपिया हे आपले पाचशेच्या वर थोडे. मेनूकार्डवर नुसतं "५० के" लिहिलेलं असतं ते ५० हजार. १ लाखाची नोट लालसर, ५० हजारांची निळी, एवढं मुलांकडून पाठ करून घ्या, मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चांगलं करतात. सुट्टे परत घेताना १ लाखाऐवजी १० हजारांची नोट दिली तर शून्यांच्या गर्दीत पटकन कळत नाही.

आता कुटा आणि लेगियनच्या गल्ल्यांमध्ये तुम्हाला दुकानं दिसतील, अर्धं दुकान टी-शर्ट आणि चपलांचं, मागे एक छोटं टेबल आणि बाहेर पाटीवर डॉलरचा रेट, जो बँकेपेक्षाही चांगला. हा रेट बघूनच उलट फिरायचं. तरी लोक जातात, आणि मग काय होतं ते बघा. समजा रेट १६ हजार धरला आणि तुम्ही ३०० डॉलर बदलताय, म्हणजे ४८ लाख रुपिया. १ लाखाच्या नोटा दिल्या तर फक्त ४८ नोटा होतात. पण तो म्हणतो मोठ्या नोटा संपल्या, आणि ५० हजारांच्या देतो, म्हणजे ९६ नोटा, किंवा २० हजारांच्या, म्हणजे तब्बल २४० नोटा. दहा-दहा लाखांचे गठ्ठे करून टेबलावर तुमच्यासमोर मांडतो. तुम्ही मोजता, एका गठ्ठ्यात एक नोट कमी निघते, तो "सॉरी सॉरी" करून लगेच नोट टाकतो. इथे तुमचा विश्वास बसला. मग तो म्हणतो एकदा मी शेवटचं मोजतो, सगळे गठ्ठे एकत्र उचलतो, टेबलावर आपटून सरळ करतो, आणि त्याच वेळी बाजूला उभा असलेला दुसरा माणूस विचारतो, "फ्रॉम इंडिया? शाहरुख खान!" तुम्ही हसून तिकडे बघता, आणि इकडे त्याचा अंगठा गठ्ठ्याच्या मागच्या दहा-बारा नोटा टेबलाच्या पलीकडे खाली सोडतो. गठ्ठा रबर लावून तुमच्या हातात. ५० हजारांच्या दहा नोटा गेल्या म्हणजे अडीच हजार रुपये गेले, आणि तुम्हाला ते हॉटेलवर गेल्यावर कळतं. परत गेलात तर तो म्हणतो तुम्ही मोजून घेतले होते की.

यातून वाचायचा नियम एकच, शेवटचा हात तुमचा. तुम्ही मोजलेल्या नोटांना त्याने परत हात लावला की मोजणी रद्द, पुन्हा पहिल्यापासून. तोपर्यंत डॉलर तुमच्याच हातात, टेबलावर ठेवायचेच नाहीत. हिशोब आपल्या फोनवर करायचा, त्याच्या कॅल्क्युलेटरवर नाही, आणि "नो कमिशन" आधी तोंडाने विचारून घ्यायचं कारण काही ठिकाणी पाटीवरचा रेट मोठा असतो आणि शेवटी कमिशन कापतात. आणि पकडलात तर भांडत बसू नका, डॉलर खिशात टाका आणि बाहेर पडा, बहुतेक वेळा तोच "कॅन्सल, कॅन्सल" म्हणतो.

चांगला मनी चेंजर कसा ओळखायचा? बँक इंडोनेशियाचं, म्हणजे त्यांच्या मध्यवर्ती बँकेचं, लायसन्स असतं आणि त्याचा बोर्ड दर्शनी लावलेला असतो, नावाच्या आधी "पीटी" म्हणजे कंपनी असते. काचेचं दुकान, काउंटर, गार्ड, नोटा मोजायचं मशीन आणि छापील पावती. रेट थोडा कमी मिळेल, मिळू दे. डॉलर नेताना १०० च्या कोऱ्या नोटा न्या, घडी पडलेल्या, शाई लागलेल्या किंवा छोट्या नोटांना रेट कमी देतात आणि ती फसवणूक नाही, तिथली पद्धतच तशी आहे.

एटीएम वापरणार असाल तर बँकेच्या शाखेच्या आतलं किंवा दाराशी गार्ड असलेलं. रस्त्याकडेच्या, मिनी मार्टच्या बाहेरच्या एकट्या मशीनला हात लावू नका, कार्ड कॉपी करायच्या प्रकाराबद्दल बाली बदनाम आहे. कार्ड घालायची जागा हलवून बघा, पिन टाकताना दुसरा हात वरती धरा. मशीनने "तुमच्या चलनात बदलून घेऊ का" विचारलं तर नाही म्हणायचं, रुपियातच घ्यायचे, नाहीतर तो मनाचा रेट लावतो. आणि बऱ्याच मशीनमध्ये पैसे आधी येतात आणि कार्ड नंतर, आपले लोक पैसे घेऊन निघून जातात आणि कार्ड आतच. याला स्कॅम म्हणता येणार नाही पण नुकसान तेवढंच.

ड्रायव्हरचं म्हणाल तर माझं मत जरा वेगळं आहे. बालीतले ड्रायव्हर एकूण फार सज्जन, दिवसभराची गाडी साधारण ६ ते ८ लाखांत दहा तासांसाठी मिळते, सहा जणांना बॅगांसकट मोठी घ्यावी लागेल म्हणून थोडी जास्त. ठरवताना पेट्रोल, पार्किंग, तास आणि वरच्या तासाचा दर हे चारही व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आणि फोनमध्ये नंबर सेव्ह करताना गाडीचा नंबरही टाका कारण तिथे मुलांची नावं जन्माच्या क्रमाने ठेवतात, वायान, मादे, न्योमान, केतुत, त्यामुळे पार्किंगमध्ये "वायान" हाक मारली तर चार जण वळून बघतात.

आता हा वायान तुम्हाला लुवाक कॉफीच्या, म्हणजे उदमांजराने खाऊन विष्ठेतून टाकलेल्या बियांच्या कॉफीच्या, मळ्यात नेणारच. तिथे दहा-बारा प्रकारचे चहा-कॉफी छोट्या कपात फुकट देतात, लुवाक मात्र वेगळे पैसे देऊन, आणि शेवटी दुकानातून बाहेर पडावं लागतं जिथे सगळं बाहेरच्या कितीतरी पट महाग. जाऊ नका असं मी म्हणत नाही, आई-बाबांना तेवढीच बसायला सावली मिळते. फक्त विकत काही घेऊ नका, आणि पिंजऱ्यात ठेवलेली ती उदमांजरं बघितली की तशीही कॉफी प्यायची इच्छा राहात नाही. जायचंच नसेल तर सकाळीच सांगा, "पाक, नो कॉफी, नो सिल्व्हर, नो शॉपिंग", तो रागावत नाही. पाक म्हणजे आपलं साहेब किंवा काका, असं म्हणून बोललात की काम निम्मं सोपं.

देवळांमध्ये सारोंग, म्हणजे कमरेला गुंडाळायचं लुंगीसारखं कापड, लागतो, आणि मोठ्या देवळांत तो तिकिटातच मिळतो. बाहेर बायका सांगतात की विकत घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, सरळ पुढे चला. बेसाकीच्या मोठ्या देवळात पूर्वी गाइडचा फार त्रास होता, आता तिथेही तिकिटात बरंच काही येतं, त्यामुळे काउंटरवर पैसे भरल्यानंतर आत कुणी वेगळे मागितले तर तिकीट दाखवायचं. तेगलालांगच्या भातखाचरांत वाटेवर बांबूचे आडवे लावून डोनेशन मागतात, तिथे मात्र ५-१० हजार देऊन टाका, शेत त्यांचं आहे आणि तुम्ही बांधावरून चालताय.

लेम्पुयांग देवळाचं ते फोटोतलं स्वर्गाचं दार, ज्याच्या खाली तळ्यात प्रतिबिंब दिसतं, तिथे तळं नाहीये. फोटो काढणारा मुलगा फोनच्या कॅमेऱ्याखाली आरसा धरतो. नंबर लावून दोन-तीन तास बसावं लागतं आणि वर येण्याजाण्याचे तास वेगळे. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे "तळं कुठंय" चालू होतं.

उलुवातू देवळातली माकडं तर अट्टल. चष्मा, फोन, टोपी ओढतात आणि खाऊ दिल्यावरच परत देतात, यावर कॅनडाच्या लेथब्रिज विद्यापीठाच्या लोकांनी २०२१ मध्ये रीतसर संशोधन छापलं, मोठी माकडं बरोबर ओळखतात की माणसाला कुठली वस्तू जास्त प्यारी आहे आणि त्यासाठी जास्त खाऊ वसूल करतात. मग एखादा स्थानिक माणूस खाऊ देऊन चष्मा सोडवून आणतो आणि टिप मागतो, ती द्या. बाबांच्या चष्म्याला दोरी लावा, आणि स्वतः माकडाशी ओढाताण अजिबात करू नका, २००८ पासून बालीत रेबीज आहे, चावलं किंवा ओरखडलं तर ताबडतोब साबणाने धुऊन दवाखाना.

कुटाला फिरताना स्कूटरवरून दोघं येतात, हातात स्क्रॅच कार्ड देतात, तुमचं साधं बक्षीस लागतं आणि बायकोचं "जॅकपॉट". तो मुलगा आनंदाने उड्या मारतो. बक्षीस घ्यायला अमुक हॉटेलवर या, तिथे दोन-तीन तास टाइमशेअरचं, म्हणजे सुट्टीच्या जागेतला वर्षातल्या ठराविक दिवसांचा वाटा विकण्याचं, प्रेझेंटेशन आणि सही केल्याशिवाय उठू देत नाहीत. कार्ड हातातच घेऊ नका.

शेजारच्या नुसा पेनिदा बेटावर सानूरहून स्पीडबोट जाते, पाऊण तासाच्या आत पोचते. एकाच बोटीचं तिकीट तीन जण तीन वेगवेगळ्या दरांनी विकतात, म्हणून बोटीचं नाव, परतीची वेळ, हॉटेलहून पिकअप, तिकडची गाडी फक्त तुमची की शेअरिंग, हे सगळं लेखी. पादांगबाई बंदरावर बॅगा ओढणारे फार आहेत. आणि बेटावरच्या केलिंगकिंग कड्याच्या त्या पायऱ्या आई-बाबांना उतरवू नका, वरून बघितलं तरी पुरतं.

हॉटेलात मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असली की वर टॅक्स आणि सर्व्हिस, साधारण २१ टक्क्यांपर्यंत. आणि स्वस्त कॉकटेल किंवा लेबल नसलेला आराक, म्हणजे तिथली गावठी दारू, कधीही नाही, २००९ मध्ये मेथॅनॉल मिसळलेल्या आराकने बालीत २५ माणसं गेली. तुम्ही घेत असाल तर सीलबंद बिअर घ्या.

स्कूटर घेऊ नका असंच सांगेन, पण घेणारच असाल तर टू व्हीलरचा शिक्का असलेलं इंटरनॅशनल परमिट आरटीओतून काढून न्या आणि हेल्मेट घाला. परमिट नसेल तर पोलीस अडवतात, आणि त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी क्लेम नाकारते. भाड्याने घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, जुने ओरखडे दाखवत, मालकाला फ्रेममध्ये घेऊन. डिपॉझिट म्हणून पासपोर्ट कुणालाही द्यायचा नाही, झेरॉक्स आणि थोडे पैसे चालतात, नाही चालले तर शेजारच्या दुकानात चालतात.

आणि एवढं करूनही काही झालंच तर पोलीस ११०, एकूण इमर्जन्सी ११२. कार्ड ब्लॉक करायचे बँकेचे नंबर कागदावर लिहून न्या कारण फोनच गेला तर फोनमधले नंबर काय कामाचे. चोरी झाली असेल तर पोलिसांकडून लेखी रिपोर्ट त्याच दिवशी घ्या, त्याशिवाय ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले दारातही उभे करत नाहीत. पासपोर्ट गेला तर देनपासारला भारताचं कॉन्सुलेट आहे, तिथे पासपोर्टची कॉपी, फोटो आणि हाच पोलीस रिपोर्ट घेऊन जायचं, त्यामुळे सहाही जणांच्या पासपोर्टच्या कॉप्या आणि दोन-दोन फोटो एका वेगळ्या पाकिटात आजच भरून ठेवा. तारखा ठरल्या की सांगा, मोठ्या गाडीचं आणि व्हेज जेवणाचं वेगळं लिहिते.